खोड आधी, बोली मागून

परवा माझा भाचा मोबाइलवर एका गाडीचा फोटो घेऊन दुकानात आला. गाडी छोटीच, पण आत टर्बो इंजिन, रुंद टायर, मागे जाडजूड सायलेन्सर. "मामा, सेकंडहँड हाय. घेऊ का?" मी हातातलं काम टाकून त्याला भाषण दिलं. इंजिन थंड असताना बघ. पहिल्यांदा चालू करताना मागून निळा धूर निघाला तर टर्बो तेल पितोय असं समज. चढावर दाबून बघ. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच संपला. दुसरा गिअर घाईनं टाक. खरखर झाली तर चावी परत दे. टायर आतल्या अंगानं झिजलेत का ते खाली बसून हातानं चाचप. आणि चिप टाकून जोर वाढवला होता का, हे मालकाला विचारू नको, त्याच्या दोस्ताला विचार.

भाचा बघतच राहिला. "मामा, तुमाले एवढं कोनं शिकवलं?"

"अनुभवानं," मी म्हणालो.

खोटं बोललो. मी बारदान्याचा धंदा करतो, राईस मिलांना पोती पुरवतो. डोक्यावर पोती वाहून सुरुवात केली आणि आज स्वतःचं गोदाम आहे. भावात मला कोणी हरवलेलं नाही. पण गाडीतलं मला काय कळतं? शब्द तेवढे माझे होते, अक्कल सगळी आडकूजीची. त्याचं नाव ओठावर आलं होतं, ते गिळलं. ते अजून घशात आहे, म्हणून लिहायला बसलो.

आडकूजीला गाडी चालवता येत नव्हती. सानगडीचा हा म्हातारा साकोली, लाखनी, भंडारा एवढ्या टापूत जुन्या गाड्या पारखून द्यायचा आणि आयुष्यात त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कोणी हसलं तर म्हणायचा, "बैल पाह्याले बैल व्हा लागते काय?"

मूळचा तो बैलांचाच माणूस. आमच्याकडे शंकरपट भरतात, बैलजोड्यांच्या शर्यती. पटाची जोडी विकत घ्यायची तर आडकूजीला सोबत न्यायचं, अशी जुनी रीत. पुढे पटावर बंदी आली, घरोघरी ट्रॅक्टर आले, बैलबाजार ओस पडला. आडकूजी काही दिवस रिकामा फिरला आणि मग एक दिवस लोकांनी त्याला एका जुन्या जीपभोवती फेऱ्या मारताना पाहिलं. बंदी उठली तरी तो पटाकडे परत गेला नाही. "गाडी शेपूट मारत नाई," म्हणायचा.

बुटका, काळा, खांद्यावर दुपट्टा, पायात टायरची चप्पल. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी खिशात, पण सौदा होईपर्यंत ती उघडायची नाही आणि विकणाऱ्याचा चहाही घ्यायचा नाही. "त्याचा चहा पोटात गेला की त्याच्या गाडीचा धूर दिसत नाई." स्वभाव मात्र गरीब वगैरे मुळीच नव्हता. चांगलाच ताठा होता. आपण बोलत असताना कोणी मध्ये बोललं तर वाक्य तिथंच सोडून चालायला लागायचा.

गाडीपाशी गेला की आधी तळहाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवायचा. गरम लागली तर, "उद्या येतो," म्हणून माघारी. लाखनीच्या एका डॉक्टरकडे तो असा तीनदा गेला. डॉक्टरसाहेब प्रत्येक वेळी गाडी आधी चालू करून ठेवायचे. तिसऱ्या वेळी चिडले. "अहो, गरम आहे तर काय झालं? गाडी आहे, भाकर नाही!" आडकूजी शांतपणे म्हणाला, "डागदरसाहेब, पेशंट तुमच्याकडे धावत आला तर त्याची नाडी लगेच पाह्यता का बसवून पाह्यता?" डॉक्टर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी गार ठेवली आणि तिनं असा काही धूर सोडला की त्यांचा कंपाउंडर खोकत बाहेर आला.

बॉनेटनंतर त्याचा पहिला प्रश्न गाडीबद्दल नसायचा. "कोन हाकते इले?" मालक साठीचा मास्तर असेल तर त्याचा चेहरा सैल पडायचा. मालक पोरगा असेल आणि गाडी छोटी पण जोरवाली असेल, तर तो दुपट्टा कमरेला बांधायचा. अशा गाड्यांना तो 'पटाच्या गाड्या' म्हणायचा. "पटाचा बैल वाईट नसते. पन तो कोनाच्या हाती पळला ते पाहा लागते. एकजन पळवते, एकजन पिदडते. दोघाइचा बैल बाजारात सारखाच दिसते, धुतलेला, शिंगं रंगवलेली."

मग गाडीत मागच्या सीटवर बसायचा, डोळे मिटून. त्याला डांबरी रस्ता चालत नसे. एकोडीच्या तलावाची पाळ पाहिजे, खड्ड्यांची. गाडी पाळीवरून गेली की डोळे न उघडता सांगायचा, "समोरचा डावा पाय लंगडते." खाली उतरून बघावं तर त्याच चाकाचं काहीतरी सैल निघायचं.

नेहमी निघायचं असं नाही. एकोडीच्या एका मास्तरची चंदेरी गाडी त्यानं साफ नापास केली होती. "वरीसभरात घंटी वाजते इची." मास्तरनं ऐकलं नाही, घेतली. ती गाडी कधी बंद पडली नाही. मास्तर मुद्दाम सानगडीच्या बाजारातून हॉर्न वाजवत जायचा आणि आडकूजी दुसरीकडे तोंड करायचा. एकदा मीच डिवचलं, "आडकूजी, ती चंदेरी अजून धावून राहिली ना!" तर म्हणाला, "मास्तरच हाकत नाई तिले. ढकलते."

पण त्याची खरी ओळख म्हणजे बैलबाजारातून उचलून आणलेला एक नियम. खोड आधी, बोली मागून. गाडी बघून झाली की तो मालकासमोर उभा राहायचा आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बावा, आता इची खोड सांग." मालक सांगायचा तेवढं सांगायचा. उरलेलं आडकूजी सांगायचा. सगळं उघड्यावर आलं की मग भाव. आणि एकदा घेणाऱ्याच्या तोंडून भाव निघाला, की आडकूजीचं तोंड बंद. मग त्याला डोळ्यासमोर इंजिन फुटताना दिसलं तरी तो बोलायचा नाही. बोली लागल्यावर खोड काढणं म्हणजे दुसऱ्याचा सौदा मोडणं. बैलबाजारात त्याहून मोठं पाप नाही. ज्यानं खोड न ऐकता बोली लावली, त्यानं जनावर आहे तसं पत्करलं. आणि म्हणूनच विकणारेसुद्धा त्याला आपल्या अंगणात येऊ द्यायचे. त्यांना माहीत होतं, हा माणूस जे बोलायचं ते आधी बोलेल, मागून नाही.

हा नियम मला पाठ होता. त्याच्यासोबत मी स्वतःसाठी दोन गाड्या घेतल्या होत्या. तरीही झालं ते झालं.

माझी मुलगी वैशाली हिला आसगावला नोकरी लागली. साकोलीहून रोज जायचं-यायचं. तिला गाडी पाहिजे होती, आणि साधी नाही, जोरवाली पाहिजे होती. पोरगी माझ्यावर गेली आहे. भंडाऱ्याच्या एका पोराची लाल गाडी तिनं मोबाइलवर शोधली. मी आडकूजीला सोबत घेतलं.

पोरगा व्यायामशाळा चालवायचा. दंड फुगलेले, गाडीही तशीच. आडकूजीनं बॉनेटवर हात टेकवला. "गरम हाय."

"चाचा, अभी दूध लाने गया था," पोरगा म्हणाला.

"कोन हाकते इले?"

"मैं ही. संभाल के."

एरवी आडकूजी इथूनच माघारी फिरला असता, पण वैशालीला घाई होती म्हणून थांबला. खाली बसला, टायरच्या आतून हात फिरवला, काळी झालेली बोटं बघितली. वैशालीला म्हणाला, "बेटा, बस आत. चावी फिरव, पन चालू नको करू." मग खिडकीतून डोकं आत घालून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा मला आवडला नव्हता. तो मालकाकडे वळला. "बावा, आता इची..."

तेवढ्यात तो पोरगा माझ्याकडे बघून हसला. "अंकल, सच बोलूं? ये गाडी आप के बस की नहीं. वो सफेदवाली देखो, फॅमिलीवाली. सस्ती भी है."

माझ्या मुलीसमोर. 'सस्ती'.

मी भाव बोललो. इतका खालचा की तो पोरगा दचकला. मग तो चढला, मी अडलो, तो चिडला, मी निघालो, त्यानं हाक मारली, मी बॉनेटवर थाप मारली. सौदा झाला. असा भाव मला आयुष्यात मिळाला नव्हता. अंगातून वीज गेल्यासारखं वाटत होतं. वळून बघितलं तर आडकूजी अंगणाच्या टोकाला, निंबाखाली, आमच्याकडे पाठ करून उभा.

परतताना वैशाली चालवत होती. गाडी काय पळत होती! ट्रक मागे पडत होते आणि ती हसत होती. आडकूजी मागे बसला होता, पण त्यानं डोळे मिटले नव्हते. वरचा दांडा घट्ट धरला होता.

"काय आडकूजी, आज खर्रा नाई काढला?" मी म्हणालो. "सौदा झाला ना!"

तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"आबाजी, कशी हाय गाडी?" वैशालीनं विचारलं.

"हळू चालव, माय."

वैशालीनं त्याला सानगडीला घरापर्यंत सोडलं. उतरला, पण दार सोडेना. दाराला धरून उभा राहिला. शेवटी तिला म्हणाला, "उद्या गाडी नको नेजो. मुहूर्त चांगला नाई."

मला हसू फुटलं. या माणसानं अमावास्येला गाड्या घेऊन दिल्या होत्या. "आडकूजी, भाव मी पाडला म्हणून मुहूर्त आठवून राहिला काय तुमाले?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडून चहा मागवला होता. बाजूचे दोघेतिघे दुकानदार, एक-दोन दलाल, रोजची मंडळी बसली होती. आडकूजी आला. सानगडीहून पहिल्या बसनं आला असावा. पायरी न चढता रस्त्यावरूनच विचारलं, "पोरगी गाडी घेऊन गेली काय?"

"नाई. तुमचा मुहूर्त ऐकून बसनं गेली."

तो पायरीवर रचलेल्या पोत्यांवर बसला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग उभा राहिला आणि जसा विकणाऱ्यासमोर बोलायचा तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "त्या गाडीत पोरीले बसू देऊ नको. चावी फिरवली की समोर सारे दिवे लागा लागते आन मंग एकेक विझा लागते. त्यात फुग्याचा दिवा लागलाच नाई. दिवा मारून ठेवला हाय. म्हंजे आतला फुगाच नाई. गाडी समोरून ठोकलेली हाय. काल बोली लागली होती, म्हनून बोललो नाई. आज बोलतो."

फुगा म्हणजे एअरबॅग, धडक बसली की जीव वाचवणारी. बसलेल्या दलालांपैकी एकानं कप खाली ठेवला. कारण आडकूजी काय करतोय हे त्याला माझ्या आधी कळलं होतं. बोली लागल्यावर तोंड उघडताना आडकूजीला कोणी कधी बघितलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मला फक्त एवढंच दिसलं की चार लोकांपुढे मी मूर्ख ठरलो. कालपासून ज्याला त्याला तो भाव सांगत होतो मी.

"काल काहून नाई बोललास?" मी ओरडलो. त्या माणसाला मी पहिल्यांदाच 'तू' म्हणालो. "माझी पोरगी त्या गाडीत बसून आली! तुझ्यासमोर! आन तू मागं गप्प बसून? त्या पोरानं काय दिलं तुले? दोन्ही हातानं खाऊन राहिला काय?"

दलालाला याहून मोठी शिवी नाही. आडकूजीनं दुपट्टा खांद्यावर टाकला. चप्पल सरळ केली आणि बसस्टँडकडे चालायला लागला. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं.

गाडी मी नागपूरला नेली. मिस्त्रीनं स्टिअरिंगचं मधलं झाकण काढलं. आत पोकळी. फुगा कधीतरी फुटला होता आणि नवा बसवायचा खर्च वाचवायला नुसतं झाकण ठोकलं होतं. दिवा बोंबलू नये म्हणून त्याची तार कापली होती. "साहेब, हे कुणी पकडलं?" मिस्त्रीनं विचारलं. मी नवा फुगा बसवून घेतला आणि बिल मागितलं.

ते बिल घेऊन मी भंडाऱ्याला गेलो. तो पोरगा आधी हात वर करत होता. तेव्हा मी जे केलं ते बोलायला जड जातं, पण धंद्यात माणूस हातात जे असेल ते फेकून मारतो. मी आडकूजीचं नाव फेकलं. म्हणालो, "आडकूजी भर बाजारात बोलला हाय, तुझ्या गाडीत फुगा नाई म्हनून. आता कोन घेते तुझ्याकडून गाडी, पाह्यतो." पोरगा नरमला. दुरुस्तीचा सगळा खर्च त्यानं दिला. मी त्याही दिवशी जिंकून आलो.

पण तो गप्प बसणारा नव्हता. भंडारा, लाखनी, साकोली, जिथे जिथे गाड्या विकल्या जातात तिथे त्यानं सांगितलं: म्हातारा सौदा झाल्यावर बोलतो. हळूहळू लोकांनी आडकूजीला अंगणात घेणं बंद केलं. माझ्याच दुकानात बसून एक दलाल म्हणाला, "ज्याचं तोंड सौद्यानंतर उघडते, त्याले सौद्यावर कायले न्यायचं?" मी ऐकलं. चहा पीत होतो, पीत राहिलो. 'अरे, ते माझ्या पोरीसाठी उघडलं होतं,' एवढं वाक्य होतं. मी लोकांशी दिवसभर बोलतो, माझं पोट त्यावरच चालतं. तेवढं वाक्य निघालं नाही.

वैशालीला हे सगळं बाहेरून कळलं. घरी आली, पर्स टेबलावर ठेवली. "बाबा, तुमी आबाजीले 'दोन्ही हातानं खाते' म्हनले?"

"त्यानं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

"तुमी बोलू दिलं होतं काय?"

मी आजही म्हणतो, त्यानं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नियम कसलाही असो, गाडीत पोरगी बसत होती. माझी ही तक्रार खरी आहे आणि ती मी सोडणार नाही. पण ती मी ज्याला-ज्याला सांगतो, तो माझ्याकडे बघतो आणि विषय बदलतो. बायकोसुद्धा. आणि मला लाज वाटते ती याची की आडकूजीनं स्वतः हीच तक्रार मान्य केली होती. सानगडीच्या लोकांकडून ऐकलं, तो म्हणायचा, "शेठचं चुकलं नाई. मी एक दिवस उशिरा बोललो." माझ्या शिवीबद्दल त्यानं कुणाकडे ब्र काढला नाही. त्यानं काढला असता तर माझ्याकडेही उत्तर होतं. आता ते उत्तर घेऊन मी कुठे जाऊ?

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. माझं आसगावला काम होतं, म्हणून सकाळी वैशालीसोबत त्याच लाल गाडीतून निघालो. सानगडीच्या फाट्यावर आडकूजी उभा होता, हातात पिशवी, बसची वाट बघत. खंगला होता. वैशालीनं मला न विचारता गाडी बाजूला घेतली.

"आबाजी, कुठं जाऊन राहिले? बसा, सोडतो."

तो जवळ आला. तिच्याकडच्या खिडकीपाशी. पलीकडे मी बसलेला त्याला दिसलो आणि त्यानं नजर खाली घातली. मी नाही, त्यानं घातली.

"नाई बेटा. बस येऊन राहिली," तो म्हणाला. मग थोडं थांबून, अगदी हळू, जणू विचारायचा हक्क नाही अशा आवाजात: "दिवा लागते का आता?"

वैशालीनं इंजिन बंद केलं. चावी पुन्हा फिरवली, अर्धीच. समोर सगळे दिवे लागले. आडकूजी खिडकीतून वाकला. एकेक दिवा विझत गेला, त्यात तो फुग्याचाही, काही क्षण लाल राहिला आणि विझला. आडकूजी तरी वाकलेलाच होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्यापासून हातभर अंतरावर होता तो. मागची सीट रिकामी होती. 'बसा, आडकूजी' एवढंच म्हणायचं होतं.

"चल," मी वैशालीला म्हणालो, "उशीर होऊन राहिला."

तो सरळ झाला, एक पाऊल मागे सरकला आणि तिला जायला रस्ता दिला.